कैलासाची परीक्षा दिल्लीत

दिल्लीतला पंचकुइयां रोड फर्निचरच्या दुकानांसाठी ओळखला जातो. लिपुलेखमार्गे कैलास-मानसरोवरला निघालेल्या यात्रेकरूंच्या मात्र तो वेगळ्याच कारणाने लक्षात राहतो. इथल्या दिल्ली हार्ट अँड लंग इन्स्टिट्यूटमध्ये त्यांची तपासणी होते. रक्त, छातीचा एक्स-रे, ट्रेडमिलवर हृदयाची चाचणी. मग दक्षिण दिल्लीत तिगडीला भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या रुग्णालयातले डॉक्टर हे सगळे कागद पाहतात आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगतात. नातेवाइकांचा निरोप घेऊन, नारळ-हार स्वीकारून आलेल्या माणसाला ‘नाही’ ऐकणं फार जड जातं. वर्षानुवर्षं सिंहगड चढणाऱ्याला तर हा अन्यायच वाटतो.

पण सह्याद्रीतला सराव इथे पुरत नाही. आपलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. विरळ हवेचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होतो आणि कैलास परिक्रमेतली डोलमा खिंड आहे ५,६३० मीटरवर. तिथे एका श्वासात समुद्रकाठच्या निम्माच प्राणवायू मिळतो.

हा धडा आपल्या देशाने महागात घेतला आहे. १९६२च्या चीन युद्धाच्या काळात मैदानातले जवान तडकाफडकी उंचावर पोहोचवले गेले. धडधाकट तरुण दोन दिवसांत धापा टाकू लागले. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांच्या आजाराची निरीक्षणं १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. जगभरचे डॉक्टर आजही त्यांचा दाखला देतात. दिल्लीतच तिमारपूरला संरक्षण खात्याची ‘डिपास’ ही संस्था याच विषयावर संशोधन करते.

आजार ओळखायचा कसा? डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं ही पहिली सूचना. इथे थांबलं, आणखी वर गेलं नाही, तर बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरं वाटतं. धोका पुढचा. स्वस्थ बसूनही धाप लागते, खोकला येतो, कधी गुलाबी फेसाळ थुंकी पडते, तेव्हा फुफ्फुसांत पाणी साचू लागलेलं असतं. माणूस असंबद्ध बोलू लागला, सरळ रेषेत टाचेला बोटं लावून चालता येईना, तर मेंदूला सूज आली असं समजायचं. ‘रात्रभर झोपू दे, सकाळी बघू’ असं म्हणणारे बरोबरचेच लोक अशा वेळी सर्वांत घातक ठरतात, कारण हा आजार रात्रीतूनच बळावतो.

इलाज एकच, खाली उतरणं. तेही लगेच, आणि रुग्णाला एकटं न सोडता. फुफ्फुसांत पाणी असेल तर त्याला चालवायचं नाही. उचलून न्यायचं, उबदार ठेवायचं. प्राणवायूचं नळकांडं आणि डॉक्टरांनी दिलेली डेक्सामेथासोन, निफेडिपिन ही औषधं उतरेपर्यंतचा आधार. वादळामुळे वाट बंद असेल तर रुग्णाला हवाबंद पिशवीत झोपवून पायपंपाने आतला दाब वाढवतात. दीड-दोन हजार मीटर खाली उतरल्यासारखा परिणाम होतो. पण पंप सतत मारावा लागतो आणि बाहेर काढल्यावर त्रास पुन्हा उलटू शकतो.

कैलासाची अडचण अशी, की तिथे ‘खाली’ फार लांब आहे. मानसरोवराचा काठच साडेचार हजार मीटरवर. परिक्रमेत दिरापुकला, म्हणजे सुमारे ५,००० मीटरवर, कुणाची तब्येत बिघडली तर पुढची वाट डोलमाची, म्हणजे आणखी चढाची. त्याला आल्या वाटेनेच दारचेनकडे आणि तिथून तकलाकोटला न्यावं लागतं. परिक्रमा अर्धी टाकायला श्रद्धाळू मन तयार होत नाही, आणि नेमके तेच तास हातचे जातात.

बरं, दिल्लीतली तपासणी पार पडली म्हणजे वर काही होणार नाही, असंही नाही. हृदय, फुफ्फुसं, रक्तदाब यांतले दोष ती दाखवते. विरळ हवा कुणाला बाधेल हे कोणतीही चाचणी आधी सांगत नाही. म्हणून तर तीन हजार मीटरच्या वर गुंजीला मुक्काम आणि पुन्हा तपासणी असते. २०२० पासून बंद असलेली यात्रा २०२५ मध्ये सुरू झाली, तेव्हाही ही पद्धत पाळली गेली.

याच दिल्लीतून लेहला जाणाऱ्याला मात्र कुणी काही विचारत नाही. विमान सव्वा-दीड तासात सुमारे २२० मीटरवरून ३,२५६ मीटरवर नेऊन सोडतं. पाच दिवसांच्या सहलीत दुसऱ्याच दिवशी ५,३५९ मीटरची खारदुंग खिंड दाखवणाऱ्या सहल कंपन्या कमी नाहीत. तिकीट काढण्यापूर्वी कार्यक्रमात लेहला पहिले दोन दिवस नुसत्या विश्रांतीचे आहेत का, गाडीत प्राणवायू असतो का, हे विचारून घ्यावं. डायमॉक्सची गोळी डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची अॅलर्जी असेल तर त्यांना तसं आधी सांगायचं. आणि ती सुरू करायची ती विमानात बसण्याच्या आदल्या दिवशी, दिल्लीतच.