कोणाची चोच, कोणाचा दात

आमचं घर सणसरच्या बाजूला, नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात. परसात पेरू, चिकू, सीताफळ, डाळिंब आणि पपई. भोवती नजर जाईल तिकडे ऊस. उसात कोल्ह्याला आडोसा मिळतो, पण पाखराच्या पोटाला तिथे काही नाही. पालखी मार्ग रुंद झाला तेव्हा कडेची जुनी झाडंही गेली. त्यामुळे कोणाच्या घरामागे पेरू पिकला की साऱ्या शिवाराला खबर लागते.

घरात सगळा आळ पोपटांवर यायचा. सासूबाई मात्र म्हणायच्या, "नासलेलं फळ आधी हातात घेऊन बघ गं, मग दगड उचल." तशी सवय लागली आणि चोर वेगवेगळे दिसू लागले. पोपट कच्चा पेरूही सोडत नाही. दोन घास घेतो, टाकतो आणि दुसऱ्याला तोंड लावतो. खारीच्या दातांच्या बारीक रेघा उमटतात. बुलबुल आणि कोकीळ मऊ झालेल्या फळावरच येतात. वटवाघूळ फळ तोडून दुसऱ्या झाडावर नेतं, रस गिळतं आणि खाली चोथा थुंकतं. भिंतीवर बियांनी भरलेली विष्ठा दिसली, तर रात्री उदमांजर पपई खाऊन गेलंय असं समजायचं.

डाळिंबाचं प्रकरण निराळं. टाचणीएवढं छिद्र आणि भोवती सडलेला डाग असला तर रात्री येऊन रस शोषणारा पतंग गुन्हेगार. छिद्र मोठं आणि त्यातून घाण बाहेर आलेली असली तर आत अळी. कालव्याचं आवर्तन लांबलं आणि मग एकदम भरपूर पाणी दिलं की फळं तडकतात. बुलबुल येतो तो त्यानंतर, आणि शिव्या मात्र तोच खातो. आता आम्ही डाळिंबाला थोडं थोडं, पण नेमाने पाणी देतो.

खरा उपाय सापडला तो अढीत. चिकू आणि सीताफळ झाडावरून उतरवल्यावरही पिकतात, मग पाखरांसाठी टांगून का ठेवायचे? सीताफळाचे डोळे उघडून मधल्या खाचा पिवळसर झाल्या की फळ काढायचं. चिकूला नखाने खरवडायचं; खाली हिरवं दिसलं तर थांबायचं, पिवळसर दिसलं तर उतरवायचं. डाळिंब तोडल्यावर गोड होत नाही, म्हणून ते लहान असतानाच त्याला पिशवी बांधतो. पेरूच्या खालच्या फांद्यांवरची फळं कापडी पिशव्यांत, शेंड्याची उघडी. शेंडा पाखरांचा.

"जाळं टाका की सरळ," असं शेजारचे भाऊ सुचवत होते. पण एका मळ्यात नायलॉनच्या जाळ्यात अडकलेलं वटवाघूळ मी पाहिलं होतं. सुटायच्या धडपडीत पंखाचा पडदा फाटून गेला होता. 1972 च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वटवाघळं उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. 2022 च्या दुरुस्तीने ती यादीच गेली. उंबर-जांभळाच्या बिया दूरवर पेरणारा हा प्राणी आहे. त्याच्याशी सलगीही नको. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाह विषाणूच्या खुणा सापडल्याचं 2021 मध्ये जाहीर झालं. म्हणून उष्टं फळ आमच्याकडे कापून खात नाहीत, थेट खताच्या खड्ड्यात जातं. अडकलेल्या वटवाघळाला उघड्या हाताने सोडवायला जाऊ नये, वनखात्याला कळवावं.

परसात फळझाड लावणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: आधी खूण ओळखा, अढीत पिकणारं वेळेवर उतरवा, झाडावरच पिकणारं झाका. आणि जागा असेल तर बांधाला एक उंबर लावा. त्याची फळं आपण विकत नाही, आणि पाखरांचं पोट भरलं की आपल्या पेरूवरचा भार तेवढाच हलका होतो.