गुरुवारची सुट्टी आणि मे महिना

पिंपरी-चिंचवडच्या कामगार कुटुंबांत सहल आणि गावची फेरी या दोन्हींचा मुहूर्त कारखाना काढत असे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. साठच्या दशकात एमआयडीसी, टेल्को आणि बजाज आले. त्यांच्यामागून सातारा, सोलापूर, नगर, मराठवाड्यातली कुटुंबे आली. विजेचा भार आठवडाभर विभागला जावा म्हणून भोसरी-चिंचवडच्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असे आणि शाळांची रविवारी. त्यामुळे वडील घरी असत त्या दिवशी मुले शाळेत, आणि मुले घरी असत तेव्हा वडील पाळीवर. रात्रपाळी असेल तर रविवारी दुपारी ते झोपलेले असत आणि घरात रेडिओही हळू लागे. प्रस्तुत लेखकाचे घरही त्यातलेच.

सगळ्यांची सुट्टी एकाच दिवशी आली, की बेत बहुधा लोकलचा ठरे. पुणे-लोणावळा लोकल १९७८ मध्ये सुरू झाली आणि मावळ या वस्तीच्या खिशाला परवडू लागला. पिंपरी किंवा चिंचवडला चढायचे, तळेगाव, वडगाव, कामशेत मागे टाकत मळवलीला उतरायचे. तिथून भाजे पायी गाठता येते. कार्ल्याची वाट रुळांच्या दुसऱ्या बाजूने. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लिंबाचे लोणचे. पुऱ्या आदल्या रात्री तळलेल्या, म्हणून वातड झालेल्या. पण डोंगर चढून आल्यावर कुणी तक्रार करत नसे. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताच्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांपासून टिकून आहेत. कारखान्यात फिटर असलेला बाप त्या कमानींचे सांधे मान वर करून न्याहाळत राही. मुलांचे लक्ष मात्र लेण्याच्या दारातल्या एकवीरा देवीसमोरच्या प्रसादाच्या दुकानांकडे. चिक्की घ्यायची तर लोणावळ्यापर्यंत जावे लागे. तिकिटाचे पैसे वाढत, म्हणून तो हट्ट क्वचितच पुरा होई.

खरी सुट्टी मे महिन्यातली. कारखाना अधिनियम १९४८ प्रमाणे वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळे. ती लग्नकार्य, आजारपण आणि गावची जत्रा यांत वाटून मेसाठी थोडीच उरे. वल्लभनगरच्या स्टँडवर एसटी लागली रे लागली, की खिडकीतून रुमाल, पिशवी, प्रसंगी लहान मूलही आत टाकून जागा धरली जाई. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट. त्यामुळे तेरावे लागलेली कितीतरी मुले स्टँडवर पुन्हा बारा वर्षांची होत. वडील सगळ्यांना गावी पोचवून रजा संपली की एकटेच परतत. आई आणि मुले जूनच्या तोंडापर्यंत राहत. अढीतले आंबे, विहिरीतले पोहणे, गच्चीवर कुरडयांची राखण, आत्या-मावश्यांची भावंडे: या आठवणींत वडील फारसे नसतात. ते तेव्हा चाळीतल्या खोलीत स्टोव्हवर खिचडी रांधून पाळी सांभाळत असत. सुट्टीच्या आठवणी सांगताना ही बाजू बहुतेक जण गाळतात.

१९७२ मध्ये आलेल्या चेतक स्कूटरने आळंदी आणि देहू जवळ आणले. पुढे उभा थोरला, मागे आई, मध्ये दाबून बसवलेली धाकटी. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे, त्यामुळे कित्येक घरांत ती येईपर्यंत थोरला पुढे उभा राहण्याच्या वयाचा उरत नसे.

२००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि पुढे घरोघरी चारचाकी आल्या. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी लोणावळ्याचा रस्ता आता गाड्यांनीच भरतो. कारखानदारी दरम्यान चाकणकडे सरकली. तिथल्या खोल्यांतून राहणाऱ्या कंत्राटी कामगारांत विदर्भ-मराठवाड्यातली आणि उत्तरेकडची तरुण मुले पुष्कळ आहेत. खाडा केला की त्या दिवसाची हजेरी बुडते, असे त्यांच्यातले अनेक जण सांगतात. म्हणून त्यांचा गावचा बेत मे महिन्यापेक्षा दिवाळी-छठच्या आसपास, कारखाना बंद असेल त्या दिवसांत बसवलेला असतो.