पित्याचा वेष

शिमग्यात नमन-खेळ्यांतील संकासुर अंगणात शिरला की आमच्या रत्नागिरीकडची पोरे किंचाळत पळतात आणि लगेच वळून त्याच्याच मागे लागतात. त्या काळ्या वेषाआड वाडीतलाच कुणी काका आहे, हे ठाऊक असते. म्हणून ते भय गोड लागते. ‘इन्व्हिन्सिबल’ ही प्रौढांसाठीची ॲनिमेशन मालिका पाहताना आम्हांला नेमका उलटा अनुभव आला. येथे वेषाआड बाप नसतो. बाप हाच वेष असतो.

मुलाच्या आग्रहाखातर यंदा आम्ही उभयतांनी २०२१ सालच्या पहिल्या पर्वाचे आठही भाग पाहिले. रॉबर्ट कर्कमन यांच्या २००३ ते २०१८ या काळातील चित्रकथेवर ते बेतलेले आहे. सारे जग ज्याला त्राता मानते तो ओम्नी-मॅन पहिल्याच भागाच्या अखेरीस आपल्या साथीदारांची हत्या करतो. एवढा धक्का दिल्यावर मधले भाग मात्र सैल पडतात. मंगळाची सफर, गुंडांच्या लढाया, प्रेमप्रकरण यांत कथा रेंगाळते; चित्रांची हालचालही कित्येकदा ताठर वाटते. रक्तपात तर इतका, की त्याची सवयच होऊन जाते.

तरी एक धागा तुटत नाही. नवऱ्याचा रक्ताळलेला पोशाख डेबीच्या हाती लागतो. तिच्यापाशी कोणतीही अद्भुत शक्ती नाही, आहे ती केवळ शंका. शेवटी मुलाला ठेचून काढणारा बाप विचारतो, पाचशे वर्षांनी तुझे असे काय उरेल? आणि रक्तबंबाळ मार्क त्या बापालाच आपला म्हणतो.

तेथे आमच्या घरात शांतता पसरली. आम्हां दोघांपैकी एकाची नोकरी अनेक वर्षे तासिका तत्त्वावर आहे. पुण्याला शिकायला जाताना मुलाचा पाय अडखळू नये, म्हणून ‘बाबा कायम झाला’ असे आम्ही त्याला सांगितले होते.

“बाबा, दिवाळीच्या साफसफाईत मला नेमणुकीचा कागद सापडला होता,” तो म्हणाला. “तू कधी सांगतोस, तेच बघत होतो.”

आमचे असत्य क्षुल्लक, हे खरे. पण ‘तुझ्याच भल्यासाठी’ हे समर्थन त्या पडद्यावरील बापाचेही होते, हे ध्यानात आल्यावर आम्ही खजील झालो.

दुसरे पर्व लावण्याआधी घरखर्चाची वही काढली आणि तिघांनी मिळून हिशेब मांडला.