मागच्या सीटवरचा मामा



आज थोडा वेगळा विषय घेतोय. छोट्या खाजगी विमानांचा. तुम्ही म्हणाल, गुरुजी निवृत्त झाले आणि विमानं उडवायला लागले की काय! तसं नाही. विमान माझी भाची उडवत होती, मी मागच्या सीटवर बसलो होतो. पण त्या दिवशी विमानातला सगळ्यात मोठा धोका मीच होतो. ते कसं, ते सांगतो. आपल्या रोजच्या कामाशी त्याचा जवळचा संबंध आहे.

भाची माझ्याच वर्गात शिकली, साताऱ्यात. दहावीची त्रिकोणमिती मीच शिकवली तिला. आता ती आणि जावईबापू शिकागोजवळ राहतात. नोकरी सांभाळून तिने खाजगी वैमानिकाचा परवाना काढला. मी गेल्या वर्षी जुलैमध्ये त्यांच्याकडे गेलो तेव्हा म्हणाली, "मामा, ऑशकॉशला येणार का? विमानाने जाऊ." मी लगेच हो म्हटलं.

ऑशकॉश हे विस्कॉन्सिन राज्यातलं एक साधं शहर. विनेबॅगो नावाच्या मोठ्या तळ्याच्या काठी वसलेलं. तिथे दर वर्षी जुलैच्या शेवटी आठवडाभर विमानांची जत्रा भरते. जत्राच म्हणायची! एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही संस्था १९५३ मध्ये स्थापन झाली आणि १९७० पासून तिचा हा मेळा ऑशकॉशला भरतो. सहा लाखांहून जास्त लोक येतात, आणि त्या परिसरातल्या विमानतळांवर मिळून दहा हजारांच्या आसपास विमानं उतरतात. त्या आठवड्यात तिथला नियंत्रण मनोरा जगातला सगळ्यात गजबजलेला मनोरा असतो. लोक विमानाच्या पंखाखाली तंबू ठोकून राहतात. पंढरीच्या वाटेवरचा मुक्काम आठवावा, असं ते दृश्य.

आता विचार करा. यातले बरेचसे वैमानिक हौशी. एरवी शांत, रिकाम्या धावपट्टीवर उतरणारे. आणि इथे सगळे एकाच दिशेने, एकाच वेळी येतात.

म्हणून अमेरिकेचं विमान वाहतूक प्रशासन या मेळ्यासाठी दर वर्षी खास सूचनापुस्तिका काढतं. तीसेक पानं असतील. भाचीने ती छापून, रेघा मारून, अक्षरशः पाठ केली होती. त्यातली मुख्य वाट अशी : रिपन नावाच्या गावावर यायचं, तिथून रेल्वेचे रूळ धरून ईशान्येला फिस्क या वस्तीकडे जायचं. एकामागे एक, एकाच रांगेत. वेग ९० नॉट, म्हणजे ताशी साधारण १६५ किलोमीटर. उंची समुद्रसपाटीपासून १८०० फूट, म्हणजे जमिनीपासून जेमतेम हजार. पुढच्या विमानापासून निदान अर्धा मैल अंतर. ऐकायला भरपूर वाटतं ना? त्या वेगाने ते कापायला वीससुद्धा सेकंद लागत नाहीत.

फिस्कला नियंत्रक जमिनीवर उभे राहून दुर्बिणीतून विमानं बघतात आणि रंगावरून, पंखांवरून हाका मारतात. वैमानिकाने बोलायचं नाही. ऐकलं हे कळवायला फक्त पंख हलवायचे. वर्गात पन्नास मुलं एकदम बोलायला लागली तर काय होतं, ते आपल्याला सांगायला नको. पुढे धावपट्टीवर मोठे रंगीत ठिपके रंगवलेले असतात. तुम्ही हिरव्यावर उतरा, मागचा नारिंगीवर उतरेल. एकाच पट्टीवर एका वेळी एकाहून जास्त विमानं!

मग धोका नेमका कुठे?

हा प्रश्न मी आदल्या रात्री विचारला. भाचीने पेन घेतलं आणि माझंच गणित मला शिकवलं.

विमान वळताना कलतं. पंखांचं वर उचलणारं बल, म्हणजे लिफ्ट, तेही कलतं. त्याचा फक्त उभा भाग वजन पेलतो. लिफ्ट गुणिले कॉस थीटा बरोबर वजन. साठ अंश कललं तर कॉस ६० म्हणजे अर्धा. म्हणजे उंची न गमावता वळायला पंखांनी दुप्पट ओझं उचलायला हवं. आणि ज्या वेगाखाली पंख उचलणं सोडून देतात, तो वेग ओझ्याच्या वर्गमुळाने वाढतो. वर्गमूळ दोन, १.४१. सरळ उडताना ५० नॉटला हार मानणारं विमान साठ अंशांच्या वळणात ७० नॉटलाच हार मानतं. पंचेचाळीस अंशांतही आकडा साठाच्या जवळ जातो. यालाच स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडत नाही, ते मजेत चालू असतं. पंखच हात टेकतात.

आता हे गर्दीत ठेवून बघा. पुढचा हळू झाला म्हणून तुम्हीही वेग कमी केला. तेवढ्यात नियंत्रकाने धावपट्टी बदलली. वळण थोडं पुढे गेलं, म्हणून ते जास्त कलून आवळलं. नजर ठिपक्यावर, कान रेडिओवर, वेगाच्या काट्याकडे लक्षच नाही. आणि खाली उंची उरलीय काहीशे फूट. एवढ्या उंचीवर विमान सावरायला जागा नसते.

२७ जुलै २०१० ला मोटार शर्यतींच्या जगातले प्रसिद्ध जॅक राउश यांचं छोटं जेट ऑशकॉशलाच उतरताना कोसळलं. ते आणि त्यांची सहप्रवासी वाचले, पण जबर जखमी झाले. चौकशीचा निष्कर्ष असा होता की उतरणं बिघडलेलं असतानाही त्यांनी इंजिनांना पूर्ण जोर दिला नाही, आणि कमी उंचीवर विमान स्टॉल झालं. म्हणजे हजारो तास उडवलेला माणूसही तिथे चुकू शकतो.

"मग यावर उपाय काय?" मी विचारलं.

"सोडून द्यायचं, मामा. नीट जमत नाहीये असं वाटलं की उतरायचंच नाही. जोर द्यायचा, वर जायचं, पुन्हा यायचं. रांगेत अंतर राहत नसेल तर रांग सोडायची आणि पुन्हा शेवटी लागायचं. पुस्तिकेतही तेच लिहिलंय. लिहिणं सोपं आहे."

मग तिने एक पिवळा कागद घेतला. आम्ही तीन माणसं, तंबू, सामान. एवढ्या वजनात टाकी काठोकाठ भरता येत नाही. पेट्रोल तीन तासांचं. तिथला कायदा म्हणतो, दिवसा अर्ध्या तासाचं पेट्रोल शिल्लक राहील असं बघा. ती म्हणाली, "माझा कायदा एका तासाचा." कागदावर तिने लिहिलं : १०:४० – फॉण्ड ड्यू लॅक. हे तळ्याच्या दक्षिण टोकाचं गाव. तिथेही विमानतळ आहे. तो कागद तिने समोर, सगळ्यांना दिसेल असा चिकटवला. मला सूचना दिली, "तळी दिसायला लागली की कुणी बोलायचं नाही. दुसरं विमान दिसलं तरच बोट दाखवायचं."

त्या दिवशी काय झालं

नऊ वाजता निघालो. सव्वादहाला ग्रीन लेक नावाच्या तळ्याजवळ पोचलो, तर रेडिओवर सांगत होते की फिस्ककडची वाट तात्पुरती थांबवली आहे, तळ्याभोवती फिरत राहा. आम्ही फिरत राहिलो. आणखी विमानं येऊन मिळाली. पंधरा तरी असतील. वरून सुंदर दिसत होतं, पण भाचीची मान सारखी इकडून तिकडे फिरत होती. जावईबापू एकेक विमान बोटाने दाखवत होते.

अशी गर्दी तिथे नवी नाही. २०१८ मध्ये खराब हवेमुळे वैमानिक अडकून पडले आणि हवा उघडताच एकदम निघाले. रांगेची अशी दाटी झाली की पुढच्या वर्षी रिपनच्या बऱ्याच आधीपासून रांग लावायची नवी व्यवस्था करावी लागली.

साडेदहाच्या पुढे वाट उघडली. सगळे एकदम रिपनकडे. आम्हीही रांगेत लागलो. खाली रूळ दिसले. मला तर शाळेच्या सहलीतल्या पोरासारखा आनंद झाला. पण पुढचं विमान हळू होत चाललं होतं आणि आमच्यातलं अंतर आटत होतं. घड्याळात १०:४१ झाले.

भाचीने पिवळ्या कागदाकडे बघितलं. इंजिनाचा आवाज वाढला. विमान उजवीकडे, रांगेबाहेर वळायला लागलं.

आणि मी बोललो. "अगं, हे काय! समोर तर आलंय. पाच मिनिटांत पोचू की!"

तिने उत्तर दिलं नाही. वळण पूर्ण केलं, उंची घेतली आणि तळ्याच्या दक्षिण टोकाकडे नाक केलं. फॉण्ड ड्यू लॅकला आम्ही अगदी अलगद उतरलो. तिथेही विमानांची रांग, तंबू, चहा-कॉफी. ऑशकॉश तिथून रस्त्याने तीस किलोमीटर. दुपारी आम्ही गाडीने मेळ्यात पोचलोही.

पण उतरल्यावर ती माझ्याशी दहा मिनिटं बोलली नाही. मग म्हणाली, "मामा, तुम्हीच वर्गात सांगायचात ना, अडलेल्या गणितापाशी बसू नका, सोडा, पुढे जा, वेळ उरला तर परत या. मी तेच केलं. आणि तुम्ही मागून म्हणालात, अजून पाच मिनिटं." मग जरा थांबून, "मला एक क्षण वाटलं होतं, मामांना इतक्या लांबून आणलंय, दाखवूया त्यांना. तोच क्षण वाईट."

मित्रांनो, मी तीसेक वर्षं शिकवलं. कुणी मला इतक्या कमी शब्दांत शिकवलं नव्हतं.

मागच्या सीटवर आपणच असतो

त्या रात्री मला ठोसेघरची सहल आठवली. बरीच वर्षं झाली. सकाळी पाऊस कोसळत होता. एक सहशिक्षिका म्हणाल्या, "सर, पुढे ढकलूया का?" पण बस दारात उभी, पैसे भरलेले, डबे भरलेले, पोरं नाचत होती. मी म्हणालो, "एवढी तयारी केलीय, जाऊ हळूहळू." परतताना एका फरशीपुलावरून पाणी वाहू लागलं आणि बस चार तास अडकली. बत्तीस मुलं. अंधार पडला. कुणाला काही झालं नाही.

काही झालं नाही, म्हणून शाळेच्या नोंदवहीत मी लिहिलं : सहल यशस्वीरीत्या पार पडली. ते वाक्य माझ्याच अक्षरात आजही तिथे असेल. आणि त्यावर विश्वास ठेवून पुढच्या पावसाळ्यात मी पुन्हा तसाच निघालो असतो. "नाही" म्हणणाऱ्या त्या बाईंचं नाव मात्र कुठल्याच नोंदीत नाही.

म्हणून तीन साध्या गोष्टी सांगतो. पटल्या तर करून बघा.

एक, परत फिरायची रेघ निघण्याआधी ठरवा आणि कागदावर लिहा. सहल असो, ट्रेक असो, रात्रीचा गाडीचा प्रवास असो. अमुक वाजले, पाणी अमुक खुणेला लागलं, चालकाला डुलकी आली, की थांबायचं. आयत्या वेळी डोकं घासाघीस करतं. कागद करत नाही.

दोन, ती रेघ आली की मागच्या सीटवरच्यांनी गप्प बसायचं. मूल जेव्हा म्हणतं "बाबा, मला हे जमत नाहीये, मी थांबतो," तेव्हा "आता शेवटचंच तर राहिलंय" हे वाक्य तोंडात येतं. ते गिळा. आधी त्याला वळू द्या, चर्चा उतरल्यावर करा.

तीन, परत फिरलेल्याचंही कौतुक करा, सगळ्यांसमोर. पोचलेल्यांसाठी टाळ्या वाजतातच.

दहावीच्या शिक्षकांसाठी एक जादा काम : त्रिकोणमिती शिकवताना कलणाऱ्या विमानाचं गणित फळ्यावर जरूर घ्या. ३०, ४५, ६० अंशांना ओझं किती वाढतं ते मुलांना काढू द्या. "सर, हे कॉस कुठे उपयोगी पडतं?" हा दर वर्षीचा प्रश्न त्या तासाला येणार नाही.

परवा भाचीचा फोन आला होता. यंदाही जाणार आहे. "मामा, येणार का?" येणार म्हटलं. या वेळी एक पिवळा कागद माझ्याही समोर चिकटव म्हणून सांगितलंय. त्यावर वेळ नको, एवढंच लिही : मामांनी बोलायचं नाही.

तुमच्या शाळेत किंवा घरात कुणी असं वेळेवर परत फिरलं असेल, तर त्याची गोष्ट मुलांना नक्की सांगा.