विशिखाप्रवेश

आयुर्वेदाची पदवी घेतलेली आमची पुतणी गेल्या वर्षीं १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेवर वैद्य म्हणून रुजू झाली, तेव्हां घरांत आनंदापेक्षां कुरकुरच अधिक झाली. स्वतःचा दवाखाना थाटावयाचें सोडून पोरीनें रात्रींअपरात्रीं रस्त्यानें धांवावें हें माझ्या धाकट्या बंधूस रुचेना, आणि "गाडी इस्पितळांत नेऊन सोडणार, मग तींत वैद्य कशाला?" असा तिच्या काकूंचा, म्हणजे आमच्या मंडळींचा, सवाल.

हैदराबादेस २००५ सालीं ही योजना निघाली, गोव्यांत २००८ सालीं आली. तेथें गाडीवर या कामाचें शिक्षण घेतलेला तंत्रज्ञ असतो. महाराष्ट्रानें २०१४ सालीं ९३७ गाड्यांनिशीं ती सुरू केली ती गाडीवर वैद्य बसवून. गाडींत कोणी जाणता हवा याचें कारण उघड आहे: बंद पडलेलें हृदय इस्पितळाच्या दारापर्यंत वाट पाहत नाहीं.

माझा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला. त्यामुळें अशा वेळीं मला ग्रंथ आठवतात, आणि घरचीं मुलें पळ काढतात. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील नववा अध्याय सरावाचा आहे. कापण्याचा सराव कोहळ्यावर, भोपळ्यावर, काकडीवर करावा. शीर वेधण्याचा कमळाच्या देंठावर. आणि पट्ट्या बांधण्याचा कापडी बाहुल्यावर. पुतणीच्या शिक्षणांत तो बाहुला रबरी होऊन परत आला. त्याच्या छातीच्या मधोमध तळहात रोवून ती निदान ५ सेंटिमीटर दाबावयाची, मिनिटास १०० ते १२० वेळां. ३० दाब झाले कीं दोन श्वास. घरीं ती जाजमावर उशी ठेवून हेंच करी, आणि धाकटीं मुलें भोवतीं बसून परवचा म्हणावा तसे आंकडे म्हणत.

दहावा अध्याय 'विशिखानुप्रवेशनीय'. विशिखा म्हणजे रस्ता. शिकूनसवरून तयार झालेल्या वैद्यानें व्यवसायांत पहिलें पाऊल कसें टाकावें हा त्याचा विषय. राजाची अनुज्ञा घ्यावी, नखें कापलेलीं असावींत, वस्त्र शुभ्र, पायांत जोडा, हातांत छत्री-काठी, वेष साधा. मीं हें वाचून दाखविलें तेव्हां छत्री-काठीस पोरगी खदखदून हंसली. पण पुढें 'सुसहाय' असा भाव येतो, वैद्याजवळ चांगला सोबती असावा. तेथें ती गंभीर झाली. "काका, तो आमचा पायलट," ती म्हणाली.

पायलट म्हणजे गाडीचा चालक. पहिल्याच आठवड्यांत एका जुन्या वाड्याच्या जिन्यावर स्ट्रेचर वळेना. वर म्हातारे गृहस्थ धापा टाकीत आहेत, घरची माणसें ओरडत आहेत, आणि हिला साडेपांच वर्षांचें शास्त्र कांहीं सांगेना. पायलटानें शांतपणें घरांतली एक हातांची खुर्ची मागून घेतली, रुग्णास चादरीनें तींत बांधलें आणि चौघांनीं ती खालीं उतरविली. "मॅडम, जिना दिसला कीं आधीं खुर्ची बघायची. आणि पळायचं नाहीं. पळालं कीं हात कांपतात."

त्याच अध्यायांत वैद्य निष्कपट असावा आणि प्राणिमात्रांचा आप्त असावा, असेंही सांगितलें आहे. हे दोन गुण ग्रंथांत सुखानें शेजारीं राहतात. रस्त्यावर ते एकमेकांशीं भांडतात. एका शेतकऱ्याच्या छातीवर ती दाब देत असतां त्याच्या मुलानें विचारलें, "वांचतील ना?" हो म्हणावें तर कपट, नाहीं म्हणावें तर आप्तपणा कसला? ती म्हणाली, "मी यांचं रक्त फिरतं ठेवतेय. तुम्ही यांचीं रोजचीं औषधं घेऊन या." मुलगा धांवला. शेतकरी वांचला नाहीं.

त्या रात्रीं ती जेवली नाहीं. बंधूंनीं राजीनाम्याचा विषय काढला. बापानें तो काढावयाचा नाहीं तर कोणी? ती एवढेंच म्हणाली, "बाबा, उद्यां रात्रपाळी आहे."

मला राजीनाम्यापेक्षां भय वाटूं लागलें तें आमच्याच प्रश्नाचें. ती उंबरठ्यांत आली कीं कोणीतरी विचारीच, "वांचला का?" तिचें काम इस्पितळाच्या दारांत संपतें. रुग्ण सोंपवावयाचा, काय पाहिलें आणि काय केलें तें लिहून द्यावयाचें, कीं पुढची हांक. पुढें काय झालें हें तिला पुष्कळदां कळतच नाहीं. आणि नवशिकें माणूस तो न सुटलेला प्रश्न अंथरुणांत घेऊन जातें. मीं घरांत स्पष्ट सांगितलें कीं, हें विचारणें बंद. विचारावयाचेंच असेल तर पत्ता नीट सांपडला काय हें विचारा. त्यावर ती भरभरून बोलते! फोनवर देवळाची किंवा शाळेची खूण सांगावी, रात्र असेल तर एक माणूस विजेरी घेऊन फाट्यावर उभा करावा, हें ती येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यास बजावते.

काकूंना माझें म्हणणें पटावयास चार महिने लागले. आतां त्या तिचें ताट झांकून ठेवतात, आणि ती आली कीं आमटी गरम करूं का, एवढेंच विचारतात.