शहाडच्या पुलावरचा भूगोल

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेली लोकल पहिल्यांदा थांबते ती शहाडला. बहुतेकांच्या लेखी शहाड म्हणजे सेंच्युरी रेयॉनचा कारखाना, मुरबाड रस्त्यावरचा उड्डाणपूल आणि त्यावरची वाहनांची रांग. फिरायला म्हणून इथे कोणी उतरत नाही. पण मुलांना आपला जिल्हा दाखवायचा असेल आणि त्यासोबत थोडे गणितही करून घ्यायचे असेल, तर रविवारी सकाळी स्टेशनच्या पादचारी पुलावर तासभर उभे राहावे, असे आम्ही आता नातेवाइकांना सांगतो. तिकीट मात्र काढून.

आमच्याकडे थोरली सहावीत आणि धाकटा तिसरीत. तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक आपल्या राज्यात जिल्ह्याप्रमाणे वेगळे निघत आले आहे. धाकट्याला ठाण्याचे सातही तालुके पाठ: ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ, मुरबाड, शहापूर. त्याच्या नानींच्या तोंडी मात्र तलासरी, जव्हार, वाडा हीसुद्धा नावे येतात. दोघांचा यावरून रोज वाद. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, हे सांगितल्यावर वाद मिटला. पंधरातून आठ गेले, उरले किती? वहीतल्या आंब्यांच्या उदाहरणापेक्षा हे उदाहरण त्याला फार आवडले. नानी आणि पुस्तक दोघेही बरोबर ठरले होते ना!

पण सात तालुके घडाघडा म्हणणाऱ्या या मुलाला उल्हास नदी कुठे आहे विचारले, तर त्याने पुस्तकातल्या निळ्या रेघेवर बोट ठेवले. नदी घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे.

पुलावरून खाली पाहिले की रुळांच्या कडेला विजेच्या तारांचे खांब दिसतात. प्रत्येक खांबावर पाटी, पाटीवर दोन आकडे. वरचा आकडा किलोमीटरचा, मुंबईपासून मोजलेला. शहाडजवळ तो ५७ च्या आसपास असतो, कसाऱ्याला १२१. इथून कसारा किती, हे धाकटा काढतो. थोरलीसाठी गाडीतले काम आहे. पाटीवरचा किलोमीटर बदलायला किती सेकंद लागले ते घड्याळात बघायचे आणि ३६०० ला त्या संख्येने भागायचे. ७२ सेकंद लागले तर वेग ताशी ५० किलोमीटर, ९० लागले तर ४०. भागाकाराचा कंटाळा करणारी मुलगी टिटवाळ्यापर्यंत खिडकी सोडत नाही.

आणि तेवढ्या प्रवासात नद्याही दिसतात. शहाड सुटले की अंबिवलीच्या आधी उल्हासचा पूल लागतो. टिटवाळ्याला काळू, पुढे खडवलीला भातसा. भातसा काळूला मिळते, काळू उल्हासला, आणि उल्हास वसईच्या खाडीतून समुद्राला. मुलांनी बाण काढून हे वहीत मांडले, तेव्हा उल्हासनगरचे नाव कुठून आले हेही कोणी न सांगता कळले. उल्हासचा उगम मात्र या मार्गावर नाही. ती राजमाचीच्या डोंगरांतून येते, कर्जत आणि बदलापूरवरून, म्हणजे कल्याणला फुटणाऱ्या दुसऱ्या लाइनच्या बाजूने.

हे शेवटचे वाक्य आम्ही मुलांकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतो. २६ जुलै २००५ चा पूर आमच्या पिढीने पाहिला. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना सोडवावे लागले. वांगणी शहाडच्या वरच्या अंगाला आहे. तिकडे रात्रभर कोसळले की इकडे पाऊस थांबलेला असला तरी पाणी चढू शकते. नदी कोणत्या दिशेने येते हे ठाऊक असलेले मूल पावसाळ्यात 'इथे तर ऊन आहे' म्हणून काठावर खेळायला जाणार नाही, एवढी आमची आशा.

पाण्याचा दुसरा हिशेब घरातला. शहाडजवळ उल्हासचे पाणी उचलून ते ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरकडे पाठवणारी 'स्टेम' योजना आहे; शहाड आणि टेमघर या दोन नावांवरूनच ते नाव पडले. भिवंडीची खालाजान आली की धाकटा तिला ऐटीत सांगतो, 'तुमच्या नळाला आमच्या गावचे पाणी येते.' शहरी पाणीपुरवठ्याच्या आखणीत माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. आम्ही सहा जण, म्हणजे ८१०. पंधरा लिटरची बादली धरली तर ५४ बादल्या! नानींनी कपाळाला हात लावला. त्यांच्या लहानपणी सगळे घर कळशांवर चालायचे. मग मुलांनी नळाखाली बादली ठेवून वुजूचे पाणी मोजले. नळ सोडून केले तर साडेसहा लिटर, लोट्याने केले तर दीड. वजाबाकी करून त्याला पाच वेळांनी आणि सहा माणसांनी गुणायचे काम थोरलीकडे होते. उत्तर आले १५०, म्हणजे दहा बादल्या. त्या आठवड्यात पाणीकपात होती, त्यामुळे उत्तराची वेगळी जाहिरात करावी लागली नाही.

नकाशावरच्या उभ्या रेषा शिकवायला रमजानसारखा महिना नाही. पृथ्वी एक रेखांश फिरायला चार मिनिटे घेते. मुंबई ते शहाड अंतर अंशाच्या जेमतेम एक तृतीयांश, म्हणून आमचा मगरिब मुंबईच्या सव्वा मिनिट आधी. नागपूर आमच्या पूर्वेला जवळजवळ सहा अंश. सहा चोक चोवीस. ऋतूप्रमाणे त्यात काही मिनिटे इकडेतिकडे होतात. परवाच्या रमजानात, रोजा सुटायला बराच अवकाश असताना नागपूरहून मामूंचा व्हिडिओ कॉल आला आणि त्यांच्या हातात खजूर होता. धाकट्याने घड्याळ पाहिले, बोटांवर काहीतरी मोजले आणि म्हणाला, 'मामू, तुम्ही खा. आमचा सूरज अजून रस्त्यात आहे.'