सहा मिलिमीटर

७ जुलै
रात्री तीनदा लाइट गेली. सकाळी लॅबमध्ये येऊन आधी इनक्युबेटरचा पारा पाहिला. ३६. इन्व्हर्टरने तारलं.

आयसीयूतल्या आजोबांच्या श्वासनलिकेतून ओढलेल्या स्रावात ग्रोथ आहे. कॉलनीला लूप टेकवून उचलला तर तार धरून वर आली, मुरंब्याचा पाक बोटांत तपासावा तशी. क्लेब्सिएलाच असणार. बायोकेमिकल लावल्या, सोबत सेन्सिटिव्हिटीही.

८ जुलै
क्लेब्सिएलाच. प्लेट उलटी धरून स्केल लावली. लावणी झालेल्या खाचरात दगड पडलेले असावेत तशा डिस्का बसल्या होत्या, भोवतीची वाढ तसूभरही हटलेली नाही. सेफट्रायक्झोन ६, सिप्रो ६, अमिकासिन ६, मेरोपेनेम ६. शिकाऊ मुलीने विचारलं, "मॅडम, झोनच नाही, मग शून्य का नाही लिहायचं?" आपण झोन डिस्कसकट मोजतो आणि डिस्क स्वतःच ६ मिलिमीटरची असते. काहीच न घडण्याचं माप ते.

फॉर्मवर लिहिलेलं: मेरोपेनेम सुरू, पाचवा दिवस. म्हणजे पाच दिवस ते औषध नुसतं शिरेतून जात होतं. अर्धवट गोळ्या खाणाऱ्या पेशंटना सगळेच बोल लावतात. माझं भांडण वेगळं आहे. नमुना आधी, डोस नंतर, एवढंच मी वर्षानुवर्षं सांगते.

९ जुलै
मेरोपेनेम फोडणारं एन्झाइम नेमकं कुठलं, ते आमच्या लॅबमध्ये कळत नाही. एनडीएम-१ असू शकतं. २०१० मध्ये त्या नावातल्या 'न्यू डेल्ही'वरून केवढा गहजब झाला होता! त्याच वर्षी मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या मंडळींनी आपल्याकडच्या, मेरोपेनेमच्या गटातल्या औषधांना न जुमानणाऱ्या २४ जिवाणूंपैकी २२ मध्ये ते सापडल्याचं छापलं होतं. नावाचं भांडण चाललं, जनुक मात्र प्लाझ्मिडवर बसून या जिवाणूतून त्या जिवाणूत जात राहिलं.

दुपारी खिडकीत आजोबांचा मुलगा. "ताई, रिपोर्ट आला काय? महागातलं इंजेक्शन चालू आहे ना, मग ताप का उतरत नाय?" डॉक्टर सांगतील, म्हटलं. रिपोर्ट माझ्या हाताखालीच होता.

१० जुलै
कोलिस्टिन सुरू झालं, त्याच्या रिपोर्टची वाट न पाहता. या वेळी मीही काही बोलले नाही. १९५० च्या दशकातलं हे औषध मूत्रपिंडाला जाचतं म्हणून मागे पडलं होतं. त्याचा रेणू मोठा, आगरमधून नीट पसरत नाही, म्हणून डिस्कवर भरवसा ठेवता येत नाही. कल्चर कोल्हापूरला पाठवलं. आंबा घाटात दरड, कुरिअरवाला म्हणाला, "बघू."

१४ जुलै
कोल्हापूरचा रिपोर्ट आला. कोलिस्टिन: इंटरमीडिएट. शिकाऊ मुलीचा चेहरा पडला. तिला सांगितलं, आपण ज्या अमेरिकी तक्त्यावरून वाचतो त्यात २०२० पासून कोलिस्टिनपुढे 'सेन्सिटिव्ह' हा रकानाच ठेवलेला नाही. याहून चांगला निकाल येतच नाही. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, "चला!"

पलीकडच्या टेबलावर आता रोज सकाळी आजोबांच्या रक्ताची नळी येते, मूत्रपिंडाचा हाल सांगणाऱ्या क्रिएटिनिनसाठी. काल १.१, आज १.४. मुलगा खिडकीत उभा होता. आज त्याने काही विचारलं नाही.